हाताने शिकलेलं हातातच राहतं : कॅप्टन जोशुआ स्लोकम



दिशा, वारे, ऋतू, जलमार्ग हे घटक आपण दरवर्षी शिकवतो. नकाशा लावतो, बाण काढतो, व्याख्या पाठ करून घेतो. पण या सगळ्या शब्दांना एक चालता-बोलता माणूस जोडून दिला तर मुलं ते सहसा विसरत नाहीत. म्हणून आज एका खलाशाचं चरित्र घेऊन आले आहे. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस म्हणजे कॅप्टन जोशुआ स्लोकम. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल एवढी एक ओळ असते. त्या ओळीच्या मागे-पुढे जे आहे, ते आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांच्या जास्त कामाचं आहे.

जोशुआचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया इथे झाला. अकरा भावंडांत तो पाचवा. आईचे वडील दीपगृह सांभाळायचे, म्हणजे समुद्र घरातच होता म्हणा ना. वडिलांची आधी शेती होती. ती परवडेना, म्हणून त्यांनी ब्रायर बेटावरच्या वेस्टपोर्ट गावात बूट बनवण्याचं दुकान काढलं. जोशुआ दहा वर्षांचा असताना त्याची शाळा सुटली ती कायमची. दिवसभर दुकानात बसायचं आणि कोळ्यांसाठी जाड चामड्याचे बूट शिवायचे, हेच त्याचं काम झालं.

इथे एक प्रसंग घडला, तो पालकांनी जरूर वाचावा. हा मुलगा तळघरात लपूनछपून लाकडाचं छोटं जहाज कोरत होता. बरेच दिवस खपून त्याने ते जवळजवळ पुरं केलं होतं. एक दिवस वडिलांनी त्याला पकडलं. काम सोडून खेळ करतो म्हणून मार दिला आणि ते जहाज आपटून फोडलं. वडील काही दुष्ट नव्हते. घरात खाणारी तोंडं जास्त आणि कमाई कमी, त्यांना बूट शिवणारा हात हवा होता. पण त्याच हाताला जहाज बनवता येतं, हे त्यांना दिसलं नाही.

चौदाव्या वर्षी जोशुआ घरातून पळाला आणि एका मासेमारी जहाजावर स्वयंपाक्याचं काम करू लागला. १८६० मध्ये आई वारली. त्यानंतर सोळाव्या वर्षी त्याने घर सोडलं ते कायमचंच. साधा खलाशी म्हणून तो चीनकडे जाणाऱ्या जहाजावर चढला. आकाशातले तारे मोजून जहाज कुठे आहे हे कसं काढायचं, ते गणित तो जहाजावरच शिकला. अठराव्या वर्षी परीक्षा देऊन तो जहाजावरचा अधिकारी झाला. पुढे त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि पंचविशीच्या आसपास तो कॅप्टन झाला.

१८७१ मध्ये सिडनीत त्यांचं व्हर्जिनिया वॉकर यांच्याशी लग्न झालं. व्हर्जिनियांनी किनाऱ्यावर घर मांडलंच नाही. जहाज हेच घर. मुलं समुद्रात नाहीतर कुठल्या ना कुठल्या बंदरात जन्मली. सातांपैकी चारच जगली. त्यांची शाळाही जहाजावरच भरायची, शिकवायला आई. कॅप्टनच्या खोलीत पुस्तकांची मोठी कपाटं होती. दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाने ती स्वतःच्या वाचनासाठी जमवली होती.

आता एक गोष्ट बघा. या माणसाच्या आयुष्यात जहाजं पुन्हा पुन्हा गेली, पण जहाज बांधण्याचा हात काही गेला नाही. लग्नाच्याच वर्षी अलास्कात वादळाने त्यांचं जहाज किनाऱ्याला लागून फुटलं. त्यांनी पत्नी, खलाशी आणि पकडलेल्या माशांचा बराचसा माल सुखरूप परत आणला. १८७४ मध्ये फिलिपिन्समधील सुबिक उपसागराच्या काठी, जंगलाला लागून राहून, त्यांनी एका इंग्रज माणसासाठी आगबोटीचा सांगाडा बांधून दिला. मजुरीत मिळालं ‘पाटो’ नावाचं छोटं जहाज, तेही अर्धवट. ते पुरं करून ते सहकुटुंब पुन्हा समुद्रात उतरले.

१८८४ मध्ये ब्युनोस आयर्स बंदरात व्हर्जिनिया वारल्या. त्यानंतरची वर्षं वाईट गेली. दोन वर्षांनी त्यांनी हेन्रिएटा यांच्याशी दुसरं लग्न केलं. जहाजाचं नाव होतं ‘अक्विडनेक’. त्यावर आधी कॉलरामुळे अडकून पडणं, मग खलाशांचं बंड, त्यात देवीची साथ. शेवटी १८८७ सरताना ब्राझीलमधल्या परानाग्वा खाडीत ते वाळूच्या दांड्यावर रुतून गेलं. विमा नाही, हातात पैसा नाही, परक्या देशात बायको आणि दोन मुलं.

आपण असतो तर घरी परतायला दुसऱ्या जहाजाचं तिकीट कुठून मिळेल ते शोधलं असतं. स्लोकम यांनी मोडक्या जहाजातलं सामान आणि जंगलातलं लाकूड घेऊन ३५ फुटांची होडी बांधायला घेतली. शिडं हेन्रिएटांनी शिवली. मोठा मुलगा व्हिक्टर वडिलांच्या हाताखाली काम करत होता. १३ मे १८८८ रोजी होडी पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, म्हणून होडीचं नाव ठेवलं ‘लिबर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य. वाटेत थांबत, एकूण ५५ दिवस समुद्रात काढून, ५,५०० मैलांहून जास्त अंतर कापून हे चौघं ऑक्टोबर अखेरीला अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्याला लागले.

इथे मुलांसमोर नकाशा उघडाच. अमेरिकेचा पूर्व किनारा नीट पाहिला तर मुख्य भूमीच्या समोर वाळूच्या लांबट बेटांची रांग दिसते. बेटांच्या बाहेर अटलांटिकच्या मोठ्या लाटा आणि आत खाड्या, उथळ सरोवरं, नद्यांची मुखं, दलदल. या आतल्या पाण्यातून छोटी होडी वादळाची फार भीती न बाळगता किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ शकते. पुढे विसाव्या शतकात सरकारने कालवे खोदून आणि गाळ काढून हे तुकडे जोडले. आज नॉरफोकपासून फ्लोरिडापर्यंत हजार मैलांहून लांब असा आतला जलमार्ग आहे. शरद ऋतूत, पानगळ सुरू झाली की, उत्तरेकडची थंडी टाळायला शेकडो शिडाच्या होड्या या मार्गाने दक्षिणेला निघतात. फार लवकर निघालं तर चक्रीवादळांचा हंगाम संपलेला नसतो आणि उशीर केला तर हिवाळी वादळं गाठतात. म्हणून ते मधले काही आठवडे महत्त्वाचे. ऋतू आणि प्रवास यांचा संबंध समजावायला याहून सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

स्लोकम कुटुंब त्या शरदात याच आतल्या पाण्यातून गेलं, पण उलट दिशेने. पक्षी दक्षिणेला चालले होते आणि हे थंडीत उत्तरेला, कारण त्यांना घरी पोहोचायचं होतं. २७ डिसेंबर १८८८ ला ते वॉशिंग्टनला पोहोचले. हेन्रिएटा त्यानंतर मात्र नवऱ्याबरोबर कधी लांबच्या समुद्रप्रवासाला गेल्या नाहीत. त्यांना पुरे झालं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

घरी आल्यावर खरी अडचण पुढे उभी राहिली. वाफेच्या जहाजांचे दिवस आले होते. शिडाच्या जहाजांच्या कॅप्टनला कोणी काम देईना. वय ४८ आणि आयुष्यभर शिकलेला धंदाच संपत आलेला. १८९२ मध्ये एका जुन्या ओळखीच्या कॅप्टनने त्यांना फेअरहेवन गावी एक होडी फुकट देऊ केली. जाऊन पाहतात तर काय, कालवं गोळा करायची एक म्हातारी होडी. सात वर्षं शेतात कापडाखाली झाकून पडलेली. ही थट्टाच होती. पण स्लोकम यांनी आसपासचं ओकचं झाड तोडलं, फळ्या काढल्या, एकेक जुनी फळी काढून नवी बसवली. १३ महिने लागले. खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट, पै-पैचा हिशोब ठेवलेला. तीच ३६ फूट ९ इंचांची ‘स्प्रे’.

२४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते बोस्टनहून एकटेच निघाले. महागडं घड्याळ परवडत नव्हतं, म्हणून काच फुटलेलं एक पत्र्याचं घड्याळ एका डॉलरला घेतलं. जिब्राल्टरला कळलं की पुढे समुद्री चाच्यांची भीती आहे, तर अख्खा अटलांटिक पुन्हा ओलांडून उलट बाजूने गेले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला रात्री चोर चढू नयेत म्हणून डेकवर गालिचाचे बारीक खिळे पसरून झोपले. अनवाणी आलेले लोक ओरडत पाण्यात पळाले. हा प्रसंग वर्गात सांगाल तेव्हा खिडकीबाहेर बघणारी मुलंसुद्धा वळून बघतील! शिडं अशी तोलून बांधली की हिंदी महासागरात २३ दिवसांत २,७०० मैल होडी जवळजवळ आपोआप सरळ चालली. सुकाणूला हात लावायची वेळ फक्त दोन-तीन तास आली. सेंट हेलेना बेटावर भेट मिळालेल्या बकरीने वेस्ट इंडीजचा नकाशाच खाऊन टाकला, तेव्हा आठवणीवर होडी हाकली. २७ जून १८९८ रोजी ते न्यूपोर्टला परतले. एकूण प्रवास ४६,००० मैलांचा. या प्रवासाचं पुस्तक १९०० मध्ये आलं आणि ते आजही वाचलं जातं. शाळा दहाव्या वर्षी सुटली होती, हे इथे पुन्हा आठवा.

आता एक अवघड गोष्ट. आपण चरित्र सांगताना माणसाला धुऊन-पुसून देव करतो. स्लोकम देव नव्हते. एका अधिकाऱ्याला जहाजावर बेड्या घालून कोंडून ठेवल्याबद्दल न्यायालयाने त्यांना दंड केला होता. बंडाच्या वेळी त्यांनी गोळ्या झाडल्या, त्यातून ते निर्दोष सुटले. आणि १९०६ मध्ये न्यू जर्सीत, ‘स्प्रे’ बघायला आलेल्या बारा वर्षांच्या मुलीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. त्यांनी आरोपाला विरोध केला नाही. ४२ दिवस ते कोठडीत होते. तिसरी-चौथीच्या मुलांना हे सांगायचं नाही, पण सांगणाऱ्या शिक्षकाला माहीत असायलाच हवं. कारण मग आपण मुलांना या माणसासारखे व्हा असं म्हणणार नाही. हे काम बघा, ही चिकाटी बघा, असं म्हणू. या दोन वाक्यांत फरक आहे. थोर माणूस आहे म्हणून त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा, हे मुलांच्या मनात आपल्याकडून जायला नको.

शेवटची वर्षं त्यांनी मार्थाज व्हिनयार्ड बेटावर काढली. शेत घेतलं, फळझाडं लावली, पण जमिनीवर मन रमेना. मग थंडीचे दिवस आले की एकटेच ‘स्प्रे’ घेऊन दक्षिणेला वेस्ट इंडीजकडे जायचे. हिवाळा उबेत काढायचा, शंख-शिंपले गोळा करायचे, परत येऊन ते आणि आपलं पुस्तक विकायचं. नोव्हेंबर १९०९ मध्ये, ६५ वर्षांचे स्लोकम असेच दक्षिणेला निघाले. पुढे ओरिनोको आणि ॲमेझॉन नद्यांत जायचा बेत होता. त्यानंतर ते किंवा ‘स्प्रे’ कोणालाच दिसले नाहीत. वादळ, की रात्री एखाद्या आगबोटीची धडक, काहीच कळलं नाही. १९२४ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केलं.

माझ्या मते या चरित्रातून आपण घ्यायचं ते एवढंच. शाळा सुटली, जहाजं बुडाली, पैसा गेला, धंदाच जुना झाला. टिकलं ते हाताने शिकलेलं. तळघरात फोडलेलं ते खेळण्यातलं जहाज आणि चाळीस वर्षांनंतरची ‘स्प्रे’ एकाच हाताची आहेत. आज आपल्या वर्गात बाकाखाली कोणीतरी मातीचा बैल करत असतं, कोणी खराट्याच्या काड्यांचं घर करत असतं. धडा चालू असताना ते बाजूला ठेवायला सांगावंच लागतं, ते मी पण सांगते. फक्त ते फोडू नका, कपाटावर ठेवा. मधल्या सुट्टीत कसं केलं ते विचारा.

वर्गात घेता येतील असे तीन उपक्रम :

१) पृथ्वीगोलावर दोऱ्याने ‘स्प्रे’चा मार्ग लावा : बोस्टन, जिब्राल्टर, ब्राझील, मॅगेलन सामुद्रधुनी, सामोआ, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, सेंट हेलेना, न्यूपोर्ट. कोणते महासागर लागले ते मुलांनाच शोधू द्या.

२) ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च १३ महिन्यांत झाला, तर महिन्याला सरासरी किती? दशांश अपूर्णांकाचं चांगलं उदाहरण होईल.

३) परातीत पाणी घेऊन कागदी होड्या सोडा. पुठ्ठ्याने वारा घाला, शीड तिरकं करून बघा, होडी कुठे वळते ते मुलांना वहीत काढू द्या. परात थोडी मोठी घ्या आणि खाली जुनं फडकं अंथरा, पाणी सांडणारच आहे.