दिमित्री चेर्नोव

दिमित्री कॉन्स्टँटिनोविच चेर्नोव (१ नोव्हेंबर, १८३९; सेंट पीटर्सबर्ग – २ जानेवारी, १९२१; याल्टा) हे रशियन धातुशास्त्रज्ञ होते. पोलादाचे बळ केवळ त्यातील घटकांवर अवलंबून नसून त्याला दिलेली उष्णता, घडाई आणि थंड करण्याची रीत यांवरही अवलंबून असते, हे त्यांनी दाखवून दिले.

== ओबुखोव्ह कारखाना ==
सेंट पीटर्सबर्ग येथील तंत्रशिक्षण संस्थेतून १८५८ साली पदवी घेतलेले चेर्नोव १८६६ साली ओबुखोव्ह पोलाद कारखान्याच्या घणकाम विभागात रुजू झाले. तेथे तयार होणाऱ्या काही तोफा डागतानाच फुटत. एकाच प्रकारच्या पोलादाची एक तोफ टिकावी आणि दुसरी फुटावी, याचे कारण कोणास सांगता येत नव्हते. फुटलेल्या नळ्यांचे तुकडे तपासता त्यांचे कण भरड, तर टिकाऊ नळ्यांचे कण बारीक असल्याचे चेर्नोव यांना आढळले.

== क्रांतिक बिंदू ==
अतितप्त धातूचे तापमान मोजण्याची भरवशाची साधने तेव्हा कारखान्यात नव्हती. तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पारखून त्यांनी निष्कर्ष काढले व १८६८ साली रशियन तंत्र संस्थेपुढे मांडले. गडद लाल रंगाच्या 'अ' या बिंदूपर्यंत न तापलेले पोलाद कितीही वेगाने थंड केले तरी कठीण होत नाही. त्याहून वरच्या 'ब' बिंदूपर्यंत तापवल्यास जुनी भरड रचना मोडून बारीक कण तयार होतात. त्याच्या फार वर तापवून तसेच निवू दिल्यास कण पुन्हा वाढतात. मात्र निवताना घणाचे घाव चालू ठेवल्यास ही वाढ रोखली जाते. पुढे फ्रेंच संशोधक फ्लोरिस ओस्मों यांनी तापविद्युत युग्माच्या साहाय्याने या बिंदूंचे अस्तित्व सिद्ध केले. साध्या कार्बनी पोलादात 'अ' बिंदू सुमारे ७२७ अंश सेल्सियस मानला जातो.

== अन्य कार्य ==
पोलादाच्या लादी गोठताना स्फटिक कसे वाढतात, याचाही त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या संग्रहातील ३९ सेंटिमीटर लांबीचा स्फटिक 'चेर्नोवचा स्फटिक' म्हणून ओळखला जातो. १८८० साली कारखाना सोडल्यावर त्यांनी बाख्मुत परिसरात सैंधवाचे साठे शोधले. १८८९ पासून ते मिखाइलोव्ह तोफखाना अकादमीत धातुशास्त्राचे प्राध्यापक होते. व्हायोलिन तयार करण्याचाही त्यांना छंद होता.

== महत्त्व ==
लोहाराच्या नजरेत आणि हातात असलेले ज्ञान चेर्नोव यांनी नियमांत बसवले. पोलाद किती तापवावे, घडाई कोठे थांबवावी आणि पाणी केव्हा द्यावे, हे आज ठरवताना त्यांच्या बिंदूंचाच आधार घेतला जातो.