खाँसाहेबांची हत्यारपेटी

उस्ताद अब्दुल करीम खाँ मैफलीसाठी परगावी निघाले, की त्यांच्या सामानात तंबोऱ्यांच्या जोडीला हत्यारांची एक पेटीही असे. तंबोऱ्याची जवारी बिघडली, खुंटी सैल झाली, घोडी घासली गेली, तर कारागिराची वाट पाहत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते स्वतः दुरुस्तीला बसत. किराणा घराण्याचा हा थोर गायक उत्तम वाद्यकारागीर होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक त्यांच्या सुरेल गाण्याचे मर्म बऱ्याच अंशी तेथेच सापडते.

उत्तर प्रदेशातील कैराना या गावी १८७२ साली त्यांचा जन्म झाला. घराणे गवयांचे, तसेच सारंगिये आणि बीनकारांचेही. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्या छायेत गळ्याची तालीम सुरू झाली आणि हातही वाद्यांवर फिरू लागला. सारंगी, बीन, सतार, तबला यांवर त्यांनी प्रभुत्व मिळवले. त्या काळी सारंगीवाल्याला मैफलीत मानाचे पान नव्हते. कोठीवरच्या साथीशी त्याचे नाव जोडलेले असे आणि गवई त्याला बरोबरीचे मानीत नसत. खाँसाहेब गायक म्हणून पुढे आले, सारंगी मागे राहिली. परंतु गजाने ओढावा तसा अखंड, न तुटणारा स्वर त्यांच्या गळ्यात कायमचा राहिला.

बडोद्याच्या दरबारात असताना सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांची मने जुळली. हा विवाह तेथे मानवणारा नव्हता. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबईमार्गे अखेर मिरज गाठले. मिरजेत आजारी पडले असता ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायनसेवा केल्यावर त्यांना उतार पडला, अशी श्रद्धेची कथा सांगितली जाते. ती कोणी मानो वा न मानो, खाँसाहेबांचे मिरजेशी जडलेले नाते शेवटपर्यंत टिकले, एवढे खरे.

या निवडीत योगायोग असा, की मिरज हे तंबोरे घडवणाऱ्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगारांच्या, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या एका घरात फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये बनवण्यास प्रारंभ केला. शस्त्रांचे दिवस सरत आले होते. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तलवारीवर फिरणारे हात सतारीवर फिरू लागले. मंगळवेढे-पंढरपूर भागातील मोठे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढीजात कसब यांवर हा धंदा उभा राहिला, तो आजही चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोरा हे दिसायला सर्वांत सोपे वाद्य. चार तारा, त्या एकामागून एक छेडायच्या. मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची आणि पहिली रागाप्रमाणे पंचम, मध्यम अथवा निषादात. खरी किमया घोडीच्या पाठीवर असते. ही पाठ सपाट नसून किंचित उतरती असते. कंप पावणारी तार तिला हलकेच चाटून जाते आणि मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर उमटू लागतात. तारेखाली सरकवलेला दोऱ्याचा तुकडा केसभर हलला, तरी नाद खुलतो किंवा मिटतो. हीच जवारी. घोडी अंमळ जास्त घासली गेली तर तार झणझणते, कमी घासली तर मुकी राहते. हे काम कान करतो, हात फक्त त्याचे ऐकतो. किराणा गायकीत एकेका स्वराचा विस्तार करीत तासन्‌तास थांबण्याची जी ओढ आहे, तिच्या मागे हा तयार कान आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

त्यांच्या कानाची ख्याती शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचली होती. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल तारेच्या लांबीवरून बावीस श्रुतींची मोजणी करीत होते. ही मोजणी ताडून पाहण्यासाठी त्यांना खाँसाहेबांचा गळा लाभला. १९१० साली देवलांचे श्रुतींवरील पुस्तक निघाले. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची हार्मोनियमही विलायतेत तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली; पण पंडित भातखंडे यांच्यासह अनेकांना ती पटली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो खटाटोप फसणारच होता. दरबारीतला गंधार आंदोलनावर झुलतो. पत्तीला झुलता येत नाही. तंबोऱ्याची तार मात्र दर मैफलीत नव्याने लावता येते, आणि खाँसाहेबांची पेटी त्यासाठीच होती. गंमत अशी, की त्यांच्या उत्तरायुष्यातील ध्वनिमुद्रिकांत साथीला हार्मोनियमच ऐकू येते.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. शिष्य घरच्यासारखे राहत आणि खर्च बव्हंशी खाँसाहेबांच्या मैफलींवर भागे. घराणेदार विद्या मुलांना अशी खुलेपणाने देणारा मुसलमान उस्ताद ही त्या पुण्यात नवलाची गोष्ट होती. घरातली घडी मात्र विस्कटली. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही नावे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. पण १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या हिराबाईंची पुढची तालीम झाली ती घराण्यातल्याच अब्दुल वहीद खाँकडे. सहस्रावधींना सुरांनी मोहवणाऱ्या बापाला स्वतःच्या लेकीला फार काळ शिकवता आले नाही, हे शल्य थोडेथोडके नसावे. त्यांची शिष्यपरंपरा मात्र सवाई गंधर्वांमार्फत गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशींपर्यंत पोहोचली.

म्हैसूरच्या दरबाराने त्यांना बोलावले, गौरवले. तेथे त्यांनी कर्नाटक संगीत शिष्याच्या वृत्तीने ऐकले. त्यागराजांच्या कृतींचे मुद्रण करणारा हिंदुस्थानी गवई तेव्हा विरळाच. त्यांच्या सरगमीवर या अभ्यासाची छाप उमटली. मराठी नाट्यपदेही त्यांनी मुद्रित केली. मानापमानातील ‘चंद्रिका ही जणू’ त्यांतलेच.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासची मैफल आटोपून ते पाँडिचेरीस निघाले. वाटेत छातीत कळ आली. सिंगापेरुमल कोइल या लहान स्थानकावर ते उतरले, फलाटावर अंथरूण घालून त्यांनी दरबारीच्या सुरात प्रार्थना केली आणि तेथेच प्राण ठेवला. ती २७ ऑक्टोबरची रात्र होती. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दरवर्षी उरुसात गवई तेथे गाऊन हजेरी लावतात. तंबोरे घडवणाऱ्यांची गल्ली तेथून फार दूर नाही.