गांडुळांचा अभ्यासक डार्विन

डार्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माकड उभे राहते. आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचे त्याच्याविषयीचे ज्ञान बहुधा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. मला मात्र हा थोर माणूस आपला वाटू लागला तो गांडुळांमुळे!

चार्ल्स डार्विनचा जन्म १८०९ साली इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. ‘बीगल’ जहाजावरून पाच वर्षे जगप्रवास करून तो १८३६ साली परतला. पुढे त्याचे सासरे झालेले मामा जोसाया वेजवुड यांनी त्याला आपल्या कुरणातील एक नवल दाखविले. काही वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला चुना आणि कोळशाची राख आता काही इंच खाली गेली होती. हे काम गांडुळांचे असावे, असा मामांचा तर्क होता. डार्विनला तो पटला आणि १८३७ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे त्याने या विषयावर निबंध वाचला.

गांडूळ माती आणि कुजका पाला खाते. त्याच्या पोटात बारीक खड्यांच्या साहाय्याने ते सारे दळले जाते व विष्ठेच्या रूपाने जमिनीवर येते. त्याच्या बिळांतून हवा आणि पाणी मुळांपर्यंत पोचते. वर येणाऱ्या या मऊ मातीखाली चुना, राख, दगड हळूहळू गाडले जातात.

एवढासा प्राणी एवढे मोठे काम कसे करील, अशी शंका टीकाकारांनी काढलीच. डार्विनने वाद घालण्यापेक्षा वाट पाहणे पसंत केले. १८४२ साली तो डाउन या खेड्यात राहावयास गेला व त्याच वर्षी तेथील कुरणावर त्याने खडूचे तुकडे पसरून ठेवले. १८५९ साली त्याचा उत्क्रांतीवरील ग्रंथ निघाला, जगभर खळबळ माजली. खडू मात्र मुकाट्याने खाली जात राहिला. २९ वर्षांनी, १८७१ साली, त्याने तेथे चर खणविला. खडूचे तुकडे ७ इंच खोल सापडले!

उतारवयात त्याने गांडुळांच्या कुंड्या अभ्यासिकेतच आणून ठेविल्या. शिट्टी वा पियानोचा आवाज त्यांना ऐकू येत नसे. पण कुंडी पियानोवर ठेवली की कंपनाने ती बिळात शिरत. पान कोणत्या टोकाने ओढले म्हणजे बिळात सहज जाईल, हे गांडुळांना बरेचसे उमगते, हेही त्याने पाहिले. इंग्लंडमध्ये पुष्कळ ठिकाणी दरवर्षी एकरी १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्याचा हिशेब होता. १८८१ साली हे सारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ते त्याचे शेवटचे पुस्तक. पुढच्याच एप्रिलमध्ये तो वारला.

उत्क्रांती आणि गांडुळे हे विषय मला वेगळे वाटत नाहीत. क्षुद्र वाटणारे काम दीर्घकाळ चालले तर पृथ्वीचे रूप पालटते, हेच त्याने दोन्हीकडे दाखविले. परीक्षेतील यशापलीकडे पाहू इच्छिणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या २९ वर्षांच्या धीराहून मोठा धडा कोणता?