पूर्वजांचा शोध घेणारे हवालदार : गोपाळबाबा वलंगकर

गुहागर तालुक्यातून दाभोळची खाडी ओलांडली की दापोलीचा मुलूख लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करातून निवृत्त झालेल्या महार शिपायांची अनेक कुटुंबे तेथे वस्तीस होती. त्यांपैकीच एक गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळ गावचे बाबा १८८६ साली सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस स्थिरावले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी एकाच प्रश्नाला वाहिले : आपले पूर्वज कोण होते आणि त्यांना या दास्यात कोणी लोटले?

हा प्रश्न सोपा नव्हता. वरच्या जातींच्या घराण्यांपाशी कुळवृत्तांत होते, सनदा होत्या. पिढ्यान्‌पिढ्या वेठीला राबलेल्यांचा वंशवृक्ष कोण लिहून ठेवणार? गावदप्तरात वतन नोंदले जाई. माणसाची कहाणी नोंदली जात नसे. अपवाद पलटणींचा. १८१८ च्या लढाईचे स्मारक म्हणून कोरेगावी उभारलेल्या स्तंभावर ‘नाक’ या अंत्यपदाची महार शिपायांची नावे आजही वाचता येतात.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ हबशी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला आणि येथील शूद्रातिशूद्रांचे दास्य त्याच तराजूत तोलून दाखविले. बाबा त्याच विचारांत घडले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच प्रश्न विचारले. ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ या त्यांच्या संस्थेच्या नावातच एक उत्तर होते : आपण या भूमीचे मूळचे लोक. पुढे सैन्यभरती बंद झाली, तेव्हा १८९४ च्या अर्जात त्यांनी आपल्या लोकांचे पूर्वज क्षत्रिय असल्याचे मांडले. ही दोन उत्तरे परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत. परंतु दोहोंचा गाभा एकच होता : हीनत्व जन्मजात नसून लादलेले आहे. लादलेले असेल, तर ते उतरविताही येते.

१८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर बाबांची नेमणूक झाली. त्यांच्यासोबत बसण्यास उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. पण बाबा डगमगले नाहीत. १९०० साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब काही काळ दापोलीस राहिले होते. त्या घरातील बाळ भीमराव यांनीच पुढे १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंसह प्राशन केले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी बाबांचाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. हे पूर्वज मूळचे पराभूत टोळ्यांतून विखुरलेले लोक आणि बौद्ध होते, असा सिद्धांत मांडला आणि १९५६ साली लक्षावधी अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला.

बाबांपाशी ना ग्रंथालय होते, ना पदवी. पलटणीत मिळालेली अक्षरे तेवढी होती. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी जो प्रश्न लिहून ठेवला, त्याचा वारसा आज वसतिगृहाच्या दिव्याखाली पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीकडे आला आहे.