मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड

गोमंतकाच्या उत्तरेस, पेडणे तालुक्यात, समुद्रकाठी मांद्रे नावाचे गाव आहे. ह्या गावी इ. स. १८२२ साली एका गरीब सारस्वत कुटुंबात रामचंद्र विठ्ठल लाड ह्यांचा जन्म झाला. मुलाला घरात भाऊ म्हणत आणि वडिलांना दाजी म्हणत. ही दोन घरगुती नावे पुढे एकत्र जोडली गेली व त्याच नावाने हा पुरुष मुंबईपासून युरोपातील विद्वत्सभांपर्यंत प्रसिद्धी पावला. रामचंद्र विठ्ठल म्हटल्यास आज कोणी ओळखणार नाही. भाऊ दाजी म्हटले की ओळख पटते.

वडिलांचा व्यवसाय मातीच्या बाहुल्या विकण्याचा होता. आपल्याकडे चवथीच्या आधी चित्रशाळांतून मातीची कामे चाललेली असतात, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ह्या धंद्यात कष्ट किती आणि प्राप्ती किती हे सांगावयास नको. गावात राहून भागेना म्हणून दाजी मुलाबाळांसह मुंबईस गेले. तेथे मुलाचे बुद्धिबळातील कौशल्य एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडले व ह्या मुलाला इंग्रजी शिकवा असा आग्रह त्याने वडिलांना केला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. बुद्धिबळाने कोणाचे नशीब उघडल्याचे आम्ही अन्यत्र फारसे वाचलेले नाही. परंतु भाऊंच्या बाबतीत तसे घडले खरे, आणि ते एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले.

विद्यार्थिदशा संपताच भाऊ त्याच विद्यालयात शिक्षक झाले. काठेवाड व कच्छ ह्या प्रांतांत जन्मतःच मुलींचा घात करण्याची जी क्रूर चाल काही घराण्यांत होती, तिच्यावर त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिला व त्यास पारितोषिक मिळाले. हा निबंध १८४७ साली छापून निघाला. हातात नोकरी होती, मान होता. अशा वेळी साधारण मनुष्य स्वस्थ बसला असता. पण १८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उघडले होते, आणि भाऊंनी शिक्षकाची खुर्ची सोडून पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसण्याचे ठरविले. शवविच्छेदन करावयाचे म्हणजे त्या काळी जातीचा रोष पत्करणे होय. १८५१ साली ह्या महाविद्यालयाची पहिली तुकडी पदवीधर होऊन बाहेर पडली. तीत भाऊ होते, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग होते, आणि वनस्पतिशास्त्रात नाव मिळविणारे आपले गोमंतकीय डॉ. लिस्बोआही होते. भाऊंचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही मागाहून डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

ह्यापुढील तेवीस वर्षांत भाऊंनी जी कामे केली त्यांची नुसती नामावळी दिली तरी हे पान भरेल. ते शिक्षण मंडळाचे सभासद होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा त्याचे मूळ फेलो होते. १८६९ व १८७१ अशा दोन वेळी मुंबईचे शेरीफ होते. लोकांची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत पोहोचविण्यासाठी १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे चिटणीस होते. हे मान मोठे खरे, परंतु आम्हांस त्यांत विशेष रमावेसे वाटत नाही. आपल्याजवळचे ज्ञान लोकांपुढे मांडण्याची त्यांना जी तळमळ होती, तिच्याकडे आमचे लक्ष अधिक वेधते.

एल्फिन्स्टनच्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी १८४८ साली एक साहित्य आणि विज्ञान मंडळ स्थापन केले होते. दादाभाई नौरोजी ह्याच मंडळात घडले. इंग्रजी जाणणाऱ्या मूठभर तरुणांनी आपसांत निबंध वाचून भागणार नाही, हे ह्या मंडळाने लवकरच ओळखले आणि देशी भाषांच्या शाखा काढल्या. मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे अध्यक्ष. ह्या सभांतून शास्त्रीय व व्यावहारिक विषयांवर लोकांना समजेल अशा भाषेत व्याख्याने होत. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या मनुष्यालाही तेथे जाऊन बसता येई. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही १८५० साली निघाले व ते १८६७ पर्यंत चालले. आज शाळाशाळांतून विज्ञानप्रदर्शने भरतात व व्याख्यानमाला होतात, त्यांचे मूळ शोधीत मागे गेल्यास आपण ह्या दिवाणखान्यांतील सभांपाशी येऊन थांबतो. मूळ मंडळाचे पहिले हिंदी अध्यक्ष होण्याचा मान भाऊ दाजींना मिळाला.

ह्या मंडळाने १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या. मंडळातील तरुण आपापले काम सांभाळून तेथे विनामूल्य शिकवीत. जगन्नाथ शंकरशेट ह्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. मुलगी शिकली तर घरावर अरिष्ट येते असे मानणाऱ्या समाजात डॉक्टरांनी ह्या शाळांची बाजू सतत उचलून धरली, आणि पुढे त्यांच्या मित्रांनी व चाहत्यांनी निधी गोळा करून एका कन्याशाळेस त्यांचेच नाव दिले. नाटकाकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही. सांगलीचे विष्णुदास भावे १८५३ साली आपली मंडळी घेऊन मुंबईस आले तेव्हा त्या नवख्या नाटककाराला डॉक्टरांचे साहाय्य झाले. नाटकवाल्यांना उंबऱ्यापाशी उभे करण्यासही प्रतिष्ठित माणसे कचरत, तो हा काळ होता.

आणखी एका प्रसंगी त्यांचे धैर्य दिसून आले. करसनदास मुळजी ह्या गुजराती पत्रकाराने एका संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला, म्हणून महाराजांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. १८६२ साली मुंबईच्या न्यायालयात हा खटला चालला. महाराजांच्या मागे धनिक शेठसावकार होते. त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे अर्ध्या बाजारपेठेचे वैर ओढवून घेणे होते, आणि डॉक्टरांचा तर व्यवसायच अशा लोकांच्या घरी जाण्यायेण्यावर चाले. तरीही भाऊ दाजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले व वैद्य ह्या नात्याने जे ठाऊक होते ते त्यांनी सांगितले. करसनदासांचा पक्ष खरा ठरला.

आता मुंबईच्या राणीच्या बागेकडे वळू. शाळांच्या सहली तेथे जातात, मुले वाघ आणि हत्ती पाहून येतात, आणि फाटकाजवळच्या देखण्या इमारतीत न शिरताच पुष्कळ वेळा परततात. ती इमारत म्हणजे एक संग्रहालय आहे. त्याची कहाणी मोठी चमत्कारिक आहे. देशातील पिके, धातू, लाकूड, कापड, कारागिरी ह्यांचे नमुने एके ठिकाणी लोकांस पाहावयास मिळावेत ह्या हेतूने १८५५ नंतर कोटातील बराकीत एक संग्रह मांडला गेला होता. १८५७ चा उठाव झाला, सैन्याला बराकी हव्या झाल्या, आणि संग्रहातील वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ वस्तूंचा नाश झाला. जेथे तलवारीची घाई असते तेथे काचेच्या कपाटांची पर्वा कोण करतो!

डॉ. जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी ह्या तिघांनी हा मोडलेला डाव पुन्हा मांडला. लोकांकडून वर्गणी जमविली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी भायखळ्यास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या हस्ते कोनशिला बसली. पण अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या भावात जो पैसा मुंबईत आला होता तो १८६५ साली तितक्याच वेगाने बुडाला. शेअरांचा बाजार कोसळला व बांधकाम रखडले. शंकरशेट त्याच वर्षी वारले. अखेरीस सरकारने भर घातल्यावर २ मे १८७२ रोजी संग्रहालयाची दारे लोकांसाठी उघडली. ते पाहण्यास डॉक्टर होते, एवढे समाधान. पुढे ह्या संग्रहालयात मुंबईच्या निरनिराळ्या जातींची व धंद्यांची माणसे दाखविणाऱ्या मातीच्या लहान मूर्ती मांडण्यात आल्या व त्या फार प्रसिद्ध पावल्या. बाहुल्या विकणाऱ्या दाजींना त्या पाहून काय वाटले असते, असा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही. १ नोव्हेंबर १९७५ रोजी ह्या संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव देण्यात आले.

डॉक्टरांच्या चरित्रातील एक प्रकरण असे आहे की, त्याविषयी आमचे मन अद्याप द्विधा आहे. प्राचीन संस्कृत ग्रंथांत ज्या औषधींचे गुण वर्णिले आहेत त्या खरोखर गुणकारी आहेत की नाहीत, हे रोग्यांवर पारखून पाहण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला होता. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे मानावयाचे नाही, आणि जुने आहे म्हणून टाकावयाचेही नाही, अशी ही पद्धत होती. तिच्यातूनच ते कुष्ठरोगाकडे वळले. ह्या रोगाला त्या काळी महारोग म्हणत व रोग्याला गावाबाहेर हाकलीत. डॉक्टरांनी अशा रोग्यांवर उपचार केले, पुष्कळांना उतार पडला, व त्यांचा बोलबाला दूरवर झाला. परंतु औषध कोणते हे त्यांनी उघड केले नाही. ज्याने सभांतून लोकांना शास्त्र समजावून सांगितले, ज्याने वस्तूंचा संग्रह सर्वांसाठी खुला केला, त्यानेच हे एक कपाट मात्र कुलूप लावून ठेवले. त्यावरून त्यांच्या हयातीत डॉक्टर मंडळींत बरीच टीकाही झाली. अनुभव पक्का झाल्याखेरीज बोलू नये असा त्यांचा विचार असू शकेल. तथापि आयुष्याची दोरी किती लांब आहे हे वैद्यालाही कळत नाही, आणि रोग्यांच्या दृष्टीने पाहता हे मौन योग्य होते असे आम्हांस म्हणवत नाही.

त्या उपचारातील मुख्य द्रव्य म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल. हा वृक्ष सह्याद्रीच्या रानांत वाढतो. ह्याच जातीच्या झाडांचे तेल पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले. १९४० नंतर सल्फोन वर्गातील औषधे आली तेव्हा त्याचे महत्त्व सरले, आणि आता अनेक औषधे एकत्र देऊन हा रोग पूर्ण बरा करता येतो. म्हणजे डॉक्टरांची दिशा चुकली नव्हती.

रोग्यांच्या गर्दीतून उरलेला वेळ ते शिलालेख, नाणी आणि हस्तलिखिते ह्यांना देत. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांवर त्यांनी निबंध लिहिला. कालिदास आणि काश्मीरचा मातृगुप्त हे एकच, असे मत त्यांनी मांडले होते. ते मात्र पुढील पंडितांना पटले नाही. ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात त्यांनी जे केले ते अधिक टिकले. आर्यभटाच्या नावावर निरनिराळे ग्रंथ सांगितले जात व त्याच्या काळाविषयी गोंधळ होता. डॉक्टरांनी आर्यभटीयाची हस्तलिखिते मिळविली आणि नावाने सारखे पण काळाने वेगळे असे दोन आर्यभट होऊन गेले हे दाखविले. कलियुगाची ३६०० वर्षे सरली तेव्हा आपण तेवीस वर्षांचे होतो असे पहिल्या आर्यभटाने स्वतःच नोंदविले आहे. हा हिशेब मांडला की त्याचा जन्म इ. स. ४७६ चा ठरतो. आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या ज्योतिष्यांचे काळ निश्चित करणारा त्यांचा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे देवीच्या देवळात असलेला शिलालेखही त्यांनीच विद्वानांच्या दृष्टीस आणला. हा लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनी आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून एक मठ स्थापन केला व त्यास राजकुळातून देणगी मिळाली, असा त्याचा आशय आहे. गणित व ज्योतिष शिकविण्यासाठी काढलेल्या पाठशाळेचा दाखला दगडावर कोरलेला! मुलींच्या शाळांसाठी आणि संग्रहालयासाठी दारोदार वर्गणी मागणाऱ्या डॉक्टरांना तो वाचताना आपलाच कोणी पूर्वज भेटल्यासारखे वाटले असेल.

एवढी भ्रमंती त्यांना एकट्याने शक्य नव्हती. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी ह्या तरुणाला त्यांनी १८६१ च्या सुमारास आपल्याकडे बोलावून घेतले. भगवानलाल इंग्रजी शाळेत शिकलेले नव्हते, परंतु गिरनारच्या खडकावरील प्राचीन लिपी त्यांनी स्वतःच्या हिमतीने वाचावयास घेतली होती. डॉक्टरांनी त्यांना स्वखर्चाने लेण्यालेण्यांतून व देवळादेवळांतून धाडले. लेखांचे ठसे येत, मग दोघे मिळून ते वाचीत बसत. अशाच एका लांबच्या प्रवासावर, उत्तर हिंदुस्थान व नेपाळकडे, भगवानलाल गेलेले असता डॉक्टर आजारी पडले आणि मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे एक्कावन्न वर्षांचे होते.

त्यांच्या स्मरणार्थ हस्तलिखितांचा एक मोठा संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत ठेवण्यात आला आहे. भगवानलाल मुंबईस परतले. आश्रयदाता राहिला नव्हता, तरी ते आणखी चौदा वर्षे, १८८८ साली मृत्यू येईपर्यंत, लेख वाचण्याचे तेच काम करीत राहिले.