बटरिकचा कागद

गेल्या फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाला आपल्या मंडळाचा स्टॉल लावायचं ठरलं, तेव्हा खणाचे चेनवाले पाऊच शिवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. मोबाईल मावेल एवढा पाऊच, आत सुती अस्तर, वर चेन. नेटवरून एक फुकटचा पॅटर्न उतरवला, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली आणि वर्गणीच्या पैशातून आणलेल्या खणाचे बारा पाऊच एका दमात बेतून टाकले. पहिला शिवला, चेन बसवली, उलटा होता तो सुलटा केला, आणि मोबाईल काही केल्या आत जाईना.

झालं होतं असं. प्रिंट काढताना चित्र कागदात बसवून घ्यायचा पर्याय चालूच राहिला होता. मूळचा 20 सेंटिमीटरचा तुकडा कागदावर 18.8 चा आला. दोन्ही बाजूंची एकेक सेंटिमीटर माया शिलाईत गेल्यावर आत 18 उरायला हवे होते, उरले 16.8. माझा मोबाईल कव्हरसकट 17 चा. अकरा पाऊच कापून पडलेले, आणि पैसे मंडळाचे. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आमच्या आत्या घरीच शिवणकाम करतात. त्यांनी पॅटर्नच्या कोपऱ्यातला एक रिकामा चौकोन टेपने मोजला आणि कातरण्याआधी हा मोजला होतास काय, एवढंच विचारलं. तो 5 सेंटिमीटरचा हवा होता, भरला 4.7. तो चौकोन मापाची खात्री करायला असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी त्याला शोभेची चौकट समजले होते!

दुसऱ्याच्या अंगणातला आकार आपल्या घरच्या कापडावर जसाच्या तसा उतरवायचा, ही कल्पना पहिल्यांदा धंदा म्हणून कुणी मांडली असेल, हे शोधताना मला एबेनेझर बटरिक भेटला. परदेशी पॅटर्नच्या पाकिटांवर हे नाव आजही असतं. मी ते एखाद्या ब्रँडचं नाव समजत होते. तो एक हाडामांसाचा शिंपी होता.

एबेनेझरचा जन्म 29 मे 1826 चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावचा. इंग्रजी बालवाडीत आपण सगळ्यांनी घोकलेल्या कोकराच्या गाण्यातली मेरी आमचीच, असं हे गाव अभिमानाने सांगतं. त्याच गावातला हा दुसरा प्रसिद्ध माणूस मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही. तो शिंपीकाम शिकला, एलेन ऑगस्टा पोलार्ड हिच्याशी त्याचं लग्न झालं, मुलं झाली. पस्तिशी उलटेपर्यंत त्याच्या आयुष्यात जगाने दखल घ्यावी असं फारसं काही नव्हतं.

त्याच्या आजूबाजूला मात्र बरंच काही घडत होतं. 1846 मध्ये एलियास हाऊ याने शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, 1851 मध्ये आयझॅक सिंगरने आपलं. दहाएक वर्षांत मशीन घरांमध्ये शिरलं. शिवण्याचा वेळ एकदम आटला, पण बेतण्याचं काम होतं तिथेच राहिलं. शिवणारे जाणतात, खरी भीती तिथेच असते. टीप चुकली तर उसवता येते. कातर चुकली की कापड गेलं. माझे अकरा पाऊच साक्षीला आहेत.

कागदी पॅटर्न तेव्हा नव्हते असं नाही. न्यूयॉर्कमध्ये मादाम डेमोरेस्ट या नावाने प्रसिद्ध असलेल्या बाई 1860 पासून आपल्या फॅशनच्या मासिकातून ते देत होत्या. पण तेव्हाचे पॅटर्न एकाच मापाचे असत. घरच्या बाईने ते आपल्या नाहीतर मुलाच्या अंगाप्रमाणे स्वतःच लहानमोठे करून घ्यायचे. म्हणजे निम्मं शिंपीकाम तिच्याच गळ्यात.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. बटरिकच्या कंपनीने ती इतकी वर्षं सांगितली आहे की तिच्यातलं किती खरं आणि किती नंतर इस्त्री केलेलं, याची मला थोडी शंका येते. 1863 सालचा हिवाळा, बाहेर बर्फ पडतंय. एलेन जेवणाच्या गोल टेबलावर निळ्या चौकड्यांचं कापड पसरून लहानग्या हॉवर्डसाठी झगा बेतते आहे. (त्या काळी तिकडे लहान मुलांनाही झगेच घालत.) खडूने रेषा मारायच्या, पुसायच्या, परत मारायच्या. कंटाळून ती नवऱ्याला म्हणते, की आपल्या पोराच्याच मापाचा आकार तयार मिळाला असता तर किती बरं झालं असतं.

नवरा शिंपी. घरोघरचे शिंपी असं गाऱ्हाणं ऐकून हं म्हणतात आणि जेवायला बसतात. हा कामाला लागला.

त्याने नेमकं काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे. वरवर वाटतं, एक आकार घ्यायचा आणि फुगवायचा. तसं केलं की माझ्या पाऊचसारखं होतं, फक्त उलट्या दिशेने. मूल दोन वर्षांचं सहा वर्षांचं झालं की उंची भराभर वाढते, डोकं मात्र थोडंच. म्हणजे झग्याचा घेर वाढवायचा, लांबी त्याहून जास्त, आणि गळा जेमतेम. बाही लांब होते, पण त्याच प्रमाणात रुंद होत नाही. माया तर अजिबात बदलत नाही, झगा बाळाचा असो की बापाचा. पाऊचचंही हेच. मोबाईलचा पाऊच वाढवून डब्याची पिशवी करायची तर रुंदी-उंची वाढेल, शिलाईची माया तेवढीच राहील. माझ्या प्रिंटमध्ये मायासुद्धा आक्रसली होती, आणि मी शिवताना ती पुरी एक सेंटिमीटर घेतली. दोन्हीकडून मार.

हे वाढवणं-कमी करणं मुरलेल्या शिंप्याच्या हातात असतं. आत्या ते न मोजता करतात. बटरिकने ते हातातून काढून कागदावर आणलं, एकाच कपड्याचे मापवार वेगवेगळे पॅटर्न करून. आधी जाड पुठ्ठ्यावर करून पाहिलं, पण पुठ्ठा घडी घालून टपालाने धाडायला गैरसोयीचा. मग पातळ टिश्यू पेपर आला. तो घडी होतो, पाकिटात मावतो, आणि कापडावर सपाट पसरतो.

पहिले पॅटर्न पुरुषांचे शर्ट आणि मुलांचे कपडे यांचे होते. घरातलीच माणसं बसून घड्या घालत. इटलीच्या गॅरिबाल्डीचं नाव तेव्हा गाजत होतं. त्याच्या गणवेशाच्या धर्तीवर मुलांचा सूट बटरिकने पॅटर्नमध्ये आणला आणि तो झपाट्याने खपला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, आणि आया पोरांना इटालियन सेनापती करत होत्या! घर पुरेना म्हणून कारभार जवळच्या फिचबर्गला गेला, आणि 1864 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ऑफिस उघडलं.

बायकांच्या कपड्यांचे पॅटर्न 1866 मध्ये आले. हे मला जरा गमतीचंच वाटतं. बाईच्या गाऱ्हाण्यातून निघालेला धंदा, आणि बाईच्या मापाला तीन वर्षं थांबावं लागलं.

1867 मध्ये ई. बटरिक अँड कंपनी उभी राहिली. भागीदार दोन, जोन्स वाइल्डर आणि ॲबनर पोलार्ड. पोलार्ड हे एलेनच्या माहेरचं आडनाव. ते कंपनीत आलं, पण पुरुषाच्या नावामागून. एलेनचं नाव कुठल्याच पाकिटावर आलं नाही. तिकडे मादाम डेमोरेस्टचंही पाळण्यातलं नाव एलेनच होतं. एक एलेन मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकत होती, दुसरी एका दंतकथेत टेबलाशी बसून राहिली. कंपनीने ती गोष्ट सांगताना तिला विसरलं नाही हे कबूल. पण गोष्टीत असणं वेगळं आणि पाकिटावर असणं वेगळं.

पुढची वाढ मी भराभर सांगते, कारण ती कुठल्याही यशस्वी कंपनीसारखीच आहे. पॅटर्न खपावेत म्हणून त्यांनी फॅशनची मासिकं काढली. त्यातलं 1873 मध्ये सुरू झालेलं ‘डेलिनिएटर’ पुढे अमेरिकेतल्या मोठ्या महिला मासिकांत गणलं गेलं. (इंग्रजी वाङ्मयवाल्या मित्रांसाठी: कादंबरीकार थिओडोर ड्रायझर 1907 ते 1910 या मासिकाचा संपादक होता.) 1876 पर्यंत शंभर शाखा आणि हजार एजन्सी झाल्या, लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्नापर्यंत दुकानं गेली.

त्या काळच्या पॅटर्नवर काही छापलेलं नसे, हे वाचून मला आपलं रडगाणं आवरावंसं वाटलं. कोरा पातळ कागद, त्यावर लहानमोठी भोकं आणि कडेला खाचा. कुठल्या भोकाचा अर्थ काय ते पाकिटावर वाचायचं आणि खाचेला खाच जुळवायची. खेड्यातल्या बायका हे दिव्याच्या उजेडात करत होत्या. मला एक चौकोन मोजता आला नाही.

1881 मध्ये बटरिक पब्लिशिंग कंपनी या नावाने नवी मांडणी झाली. वाइल्डर विक्रीत तरबेज, सूत्रं त्याच्याकडे सरकली. ज्याचं नाव पाटीवर तो एबेनेझर नव्या कंपनीत सेक्रेटरी झाला. 31 मार्च 1903 रोजी ब्रुकलिनमध्ये तो वारला, वय 76.

माझ्या अकरा तुकड्यांचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण हिशोब मंडळाला द्यायचा आहे. आत्यांनी त्यांतून चष्म्याची घरं काढली. नऊ खपली, दोन प्राध्यापकांनीच घेतली. त्यानंतर मी पाऊचचा आकार तपकिरी कागदावर तीन मापांत नव्याने काढला, चौकोनासकट, आणि कोपऱ्यात आत्यांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी ते वाचलं, काही बोलल्या नाहीत. मधल्या मापाच्या कागदावर माया लिहायची राहिली आहे, एवढं बोटाने दाखवलं.