निराश्रितांची माउली : पंडिता रमाबाई

डिसेंबरातील झाशीची थंडी आपणां मराठी मंडळींच्या चांगल्याच परिचयाची आहे. सीपरी बाजारातील दुकाने बंद झाली की त्यांच्या फळ्यांच्या आडोशाला अंग मुडपून पडलेली माणसे दिसू लागतात. याच दिवसांत नाताळ येतो. धर्मशाळेत जागा न मिळाल्याने गोठ्यात जन्मलेल्या बालकाचा हा उत्सव. त्याचा अर्थ ज्या मराठी स्त्रीने आयुष्यभर आचरून दाखविला, त्या पंडिता रमाबाईंचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी अंकात उचित ठरावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते कन्येला दिले. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या या कुटुंबाला स्वतःचे घर असे उरले नाही. पुढे उपासमारीने आईवडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. मागे राहिलेली रमा आणि बंधू श्रीनिवास पायी हिंदुस्थानभर हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी, अंगावर उबदार वस्त्र नसल्याने, या भावंडांनी वाळूत खड्डे खणून व अंगावर वाळू ओढून थंडीच्या रात्री काढल्या. पुढील सर्व कार्याचे बीज त्या वाळूत पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ मध्ये वैधव्य आले, आणि पदरी तान्ही मनोरमा. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी ममतेने सांभाळतात, हे पाहून त्यांचे अंतःकरण हेलावले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या धर्मांतराने स्वकीय दुरावले. १८८९ मध्ये मुंबईस उघडलेले व पुढे पुण्यास आणलेले विधवांचे 'शारदा सदन' १८९३ मध्ये टीकेचे लक्ष्य झाले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, हा आक्षेप होता. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागारपद सोडले. हा वाद निराधार होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्या विधवांना दुसरे दार किती ठिकाणी उघडे होते, हाही प्रश्न तितकाच खरा होता.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. आपले बुंदेलखंड त्यात आधीच होरपळले होते, आणि मध्य प्रांतातही हाहाकार उडाला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. अन्नान्नदशा झालेल्या मुली पाहताना त्यांना आपलेच गतजीवन आठवले. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा केडगावच्या शेतावर तात्पुरता निवारा उभारून त्यांची सोय केली. हेच 'मुक्ती सदन'. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या व संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. येथे केवळ अन्नछत्र नव्हते. विणकाम, शेती, छपाई शिकवून प्रत्येकीला स्वतःच्या पायांवर उभे केले जाई.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. ते दुःख गिळून रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

रमाबाईंचा धर्म सर्वांना मान्य होईलच असे नाही. पण बेघराला आधी छप्पर, मग विद्या, मग स्वाभिमान, हा त्यांचा क्रम कोणत्याही धर्माच्या माणसाने शिरोधार्य मानावा असाच आहे. परमुलखात येऊन येथे घर बांधलेल्या आपणां सर्वांना तर त्याचे मोल अधिकच कळावे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत गणेशोत्सवाच्या वर्गणीबरोबर थंडीतील चार घोंगड्यांचीही तरतूद झाली, तर या माउलीचे ऋण अंशतः फिटेल.